अमेरिकेत बँकेनं खातं नाकारलं तर काय करायचं

शाखेतल्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, कंपनीचं ऑफर लेटर पाहिलं, कोल्हापूर नेमकं कुठे आहे तेही कौतुकानं विचारलं. मग की-बोर्डवर थोडी टकटक झाली आणि त्यांचा आवाज बदलला. ‘सॉरी, सिस्टिम तुमचं खातं उघडू देत नाहीये.’ कारण त्यांना सांगता येईना. त्यांच्या पडद्यावर कारण नव्हतंच, नुसता नकार होता. मी बाहेर पडले आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या बँकेत शिरले. तिथेही तेच झालं.

भानगड तीन वर्षांपूर्वीची होती. एमएस संपवून मी भारतात परतले तेव्हा इथल्या खात्यात 18 डॉलर तसेच सोडले होते. म्हटलं, पडून राहतील, पुन्हा आलेच तर कामाला येतील. आपल्याकडे गावच्या बँकेतलं खातं नाही का वर्षानुवर्षं तसंच पडून असतं! पण शिक्षण संपल्यावर त्या खात्याची विद्यार्थी-सवलत संपली आणि महिन्याला 12 डॉलर शुल्क सुरू झालं. उरले 6. त्यात जिमचे 25 डॉलर आपोआप वळते झाले, ते बँकेनं भरले आणि ओव्हरड्राफ्टचे 35 डॉलर लावले. उणे 54. आणखी दोन महिन्यांचं शुल्क, उणे 78. पत्रं जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर जात राहिली, मी कोल्हापुरात आंबे खात होते. बँकेनं ती रक्कम बुडीत खाती टाकली, खातं बंद केलं आणि माझं नाव एका यादीत गेलं.

या प्रकारात फसणारी आपली मंडळी बरीच भेटतात, कारण आपली सवय वेगळ्या नियमावर बसलेली आहे. भारतात किमान शिल्लक ठेवली नाही तर बँक दंड लावू शकते, पण त्या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये, असं रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलंय. 1 एप्रिल 2015 पासून तो नियम आहे. अमेरिकेत असं संरक्षण गृहीत धरू नका. इथे खातं शून्याच्या खालीही जातं, आणि खाली गेलं की ते तुमच्या नावावरचं देणं होतं.

ही यादी कसली?

सिबिल आपल्याला माहीत असतं. अमेरिकेत आल्यावर इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन ही नावं कानावर पडतात. ती कर्जाची, क्रेडिट कार्डाची नोंद ठेवतात. पण साधं चेकिंग (म्हणजे रोजच्या व्यवहाराचं) किंवा सेव्हिंग्ज खातं उघडताना बँका वेगळ्याच दप्तरात डोकावतात. त्यातलं सर्वात मोठं चेक्ससिस्टम्स. दुसरं अर्ली वॉर्निंग सर्व्हिसेस. ही कंपनी सात मोठ्या बँकांच्या मालकीची आहे आणि आपण मित्राला जेवणाचे पैसे पाठवायला वापरतो ती झेल (Zelle) ही सेवा हिचीच. बँकांनी आधीच्या खात्यांबद्दल कळवलेल्या तक्रारी इथे साठतात: थकलेला ओव्हरड्राफ्ट, न वटलेले चेक, बँकेनं स्वतः बंद केलेलं खातं, फसवणुकीचा संशय. चेक्ससिस्टम्सकडे नोंद साधारण 5 वर्षं राहते, अर्ली वॉर्निंगकडे 7 वर्षांपर्यंत.

तुमचा क्रेडिट स्कोअर 780 असला तरी इथे नाव खराब असू शकतं आणि उलटही होतं. मात्र थकलेली रक्कम वसुली कंपनीला विकली गेली तर ती पुढे क्रेडिट रिपोर्टवरही उगवू शकते.

पहिली पायरी: तिथल्या तिथे कागद मागा

दुसऱ्या बँकेत धावू नका. मी धावले, त्यानं एवढंच झालं की माझ्या नावावर एकाच दुपारी दोन चौकश्या लागल्या. थोड्या दिवसांत खूप चौकश्या दिसल्या की काही बँका त्यालाच धोक्याची खूण मानतात.

काउंटरवरच्या माणसाशी वादही घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. त्याच्याकडून ‘ॲडव्हर्स ॲक्शन नोटीस’, म्हणजे नकाराची रीतसर सूचना, मागा. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट हा 1970 चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार कुठल्या संस्थेच्या अहवालामुळे नकार दिला, त्या संस्थेचं नाव, पत्ता आणि फोन बँकेनं तुम्हाला सांगावाच लागतो. कायद्यानं हे तोंडी सांगितलेलंही चालतं, म्हणून आवर्जून लेखी मागा. ऑनलाइन अर्ज केला असेल तर नोटीस ईमेलनं किंवा टपालानं येते. स्पॅमचा डबा उघडून बघा.

ही नोटीस मिळाल्यापासून 60 दिवसांत त्या संस्थेकडून अहवालाची प्रत फुकट मिळते. नकार आला नसला तरी दर 12 महिन्यांत एकदा फुकट प्रत मागता येते. त्यामुळे जुनं काही सोडून गेला असाल तर नवी नोकरी लागल्या लागल्या, बँकेत जायच्या आधीच अहवाल मागवून बघा.

एक शक्यता मात्र ध्यानात असू द्या. नुकतेच पहिल्यांदा अमेरिकेत आला असाल तर तुमचा वाईट इतिहास असणारच कुठून? तेव्हा नकाराचं कारण बहुधा ओळख न जुळणं हे असतं: नवा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकारचा ओळख क्रमांक) यंत्रणेत अजून दिसत नाही, पत्ता मित्राच्या घरचा आहे, असलं काहीतरी. अशा वेळी ऑनलाइन अर्जाचा नाद सोडून पासपोर्ट, व्हिसा, आय-20 (विद्यार्थी-व्हिसासाठी विद्यापीठानं दिलेला कागद) किंवा ऑफर लेटर आणि पत्त्याचा पुरावा घेऊन शाखेत जा. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी परदेशी नागरिकाचं खातं पासपोर्टवर उघडायला कायद्याची आडकाठी नाही. कुठली बँक ते करते, हा तिच्या धोरणाचा भाग. विद्यापीठाजवळच्या शाखांना याची सवय असते.

दुसरी पायरी: अहवाल मागवा आणि सावकाश वाचा

चेक्ससिस्टम्स आणि अर्ली वॉर्निंग, दोघांकडूनही मागवा. नोटिशीत एकाचंच नाव असलं तरी मागवा, कारण पुढची बँक दुसऱ्याकडे बघत असेल. दोघांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, फोनवरून किंवा टपालानं मागता येतो. शोधताना वर जाहिराती येतात, ‘तुमचं नाव साफ करून देतो, 199 डॉलर’ वगैरे. तिकडे ढुंकूनही पाहू नका. जे ते करतात ते सगळं तुम्हाला फुकटात करता येतं.

अहवाल हाती आला की आधी स्वतःचं नाव वाचा. गंमत नाही करत. आपली नावं या यंत्रणांना झेपत नाहीत. पासपोर्टावर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव, एका बँकेत ते मधलं नाव झालेलं, दुसऱ्या बँकेत गाळलेलं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी एक माणूस तयार. शिवाय अमित पाटील आणि स्नेहा कुलकर्णी अमेरिकेत किती असतील याचा विचार करा. दुसऱ्याच पाटलाची थकबाकी तुमच्या फाइलीत घुसू शकते. जन्मतारीख, जुने पत्ते आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे आकडे एकेक करून ताडून बघा. जिथे कधी राहिला नाहीत त्या शहराचा पत्ता दिसला तर दोन शक्यता आहेत: फाइली मिसळल्यात किंवा कुणी तुमच्या नावानं खातं उघडलंय.

मग मुख्य नोंद बघा. कुठल्या बँकेनं कळवलं, कधी, किती रक्कम, कारण काय, आणि ती भरली असं लिहिलंय का. ओव्हरड्राफ्टची थकबाकी आणि ‘फसवणुकीचा संशय’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर पैसे भरून उपाय होतो, दुसऱ्यावर होत नाही. अहवालात नवी चेकबुकं कधी मागवली याचीही नोंद असते, ती पाहून दचकू नका. आणि पूर्वी कधी तुम्ही स्वतःच फाइल ‘फ्रीझ’ करून, म्हणजे कुणाला बघता येऊ नये अशी बंद करून ठेवली असेल तर नकाराचं कारण तेवढंच असू शकतं. ती उघडून घ्या, काम झालं.

तिसरी पायरी: नोंद चुकीची असेल तर

लेखी हरकत घ्या. ऑनलाइन घेता येते, पण माझा अनुभव टपालाचा चांगला आहे: पोस्टातून सर्टिफाइड मेलनं, पोचपावतीसह. पत्रात पाल्हाळ नको. मी कोण, कुठली नोंद, त्यात काय चूक, माझ्याकडे कुठला पुरावा, आणि ही नोंद दुरुस्त करा किंवा काढा. एवढ्यात अर्धं पान होतं. पुराव्याच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद कधीच देऊ नका. तीच हरकत नोंद कळवणाऱ्या बँकेलाही वेगळी पाठवा.

संस्थेला साधारण 30 दिवसांत तपास करावा लागतो. मध्येच तुम्ही नवी माहिती दिलीत तर ही मुदत 45 दिवसांपर्यंत लांबते, म्हणून सगळे कागद पहिल्याच पत्रात जोडलेले बरे. बँक नोंद खरी ठरवू शकली नाही तर ती काढावी लागते.

उत्तर मनासारखं आलं नाही तर कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो (सीएफपीबी) या सरकारी ग्राहक-संरक्षण संस्थेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. बँकेच्या नावात ‘नॅशनल’ किंवा शेवटी ‘एन. ए.’ असेल तर तिचा नियामक ओसीसी हे केंद्रीय सरकारी कार्यालय, तिकडेही दाद मागता येते. यातलं काहीच फळलं नाही तर तुमची बाजू सांगणारं छोटं निवेदन फाइलीला जोडता येतं. ते कुणी वाचतं का, याबद्दल मी साशंक आहे, पण जोडायला पैसे पडत नाहीत.

कुणी तुमच्या नावानं खातं उघडलं असेल तर मात्र आधी फेडरल ट्रेड कमिशनच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट जीओव्ही या सरकारी संकेतस्थळावर रीतसर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत हरकतीसोबत लावा. त्या कागदाला वजन आहे.

चौथी पायरी: नोंद खरी असेल तर

माझी खरीच होती. 78 डॉलर. मनातून वाटत होतं, 18 डॉलर माझेच होते, वर यांनीच शुल्क लावून मला कर्जदार केलं! पण हा राग घेऊन बसलं तर खातं उघडत नाही.

भरण्याआधी एक गोष्ट विचारा: आता ही रक्कम नक्की कुणाची? जुन्या बँकेनं ती वसुली कंपनीला विकली असेल तर बँकेला भरून उपयोग नाही. वसुलीवाल्याचा फोन आला तर फोनवर कार्ड नंबर देऊ नका, देण्याचा तपशील लेखी मागा. त्यांचं पहिलं पत्र आल्यापासून 30 दिवसांत तुम्ही लेखी शंका घेतलीत तर खुलासा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. देणं फार जुनं आणि मोठं असेल तर थोडीशी रक्कम भरायच्या आधी वकिलाला विचारा. काही राज्यांत छोट्या हप्त्यानंही दाव्याची मुदत नव्यानं सुरू होते. विद्यापीठात असाल तर तिथे बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी फुकट कायदा-मदत कक्ष असतो.

रक्कम भरली की पावतीवर समाधान मानू नका. आपल्याकडे सोसायटीचं कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घेतो, तसं पत्र बँकेच्या लेटरहेडवर घ्या: खातं क्रमांक, भरलेली रक्कम, तारीख, आणि काहीही येणं बाकी नाही असं वाक्य. नोंद ‘भरणा झाला’ अशी बदलून कळवा, हेही लेखी सांगा. नोंद पूर्णपणे काढाल का, असंही विचारा. बँकेवर तसं बंधन नाही, बहुतेक जण नाही म्हणतात, माझ्यासाठीही नाहीच म्हणाले. भरलेली नोंदही मुदत संपेपर्यंत फाइलीत राहते. पण भरलेली आणि न भरलेली यांच्याकडे बँका एकाच नजरेनं पाहत नाहीत, आणि ते पत्र हातात असलं की मॅनेजरशी बोलायला विषय मिळतो.

महिन्याभरानं अहवाल पुन्हा मागवून बदल झाला का बघा. माझा पहिल्या खेपेला झाला नव्हता. पत्राची प्रत जोडून हरकत घेतली, मग झाला.

पाचवी पायरी: दार उघडं असलेली बँक शोधा

हे सगळं मिटेपर्यंत पगार कुठे घ्यायचा? इथे बऱ्याच लोकांना माहीत नसलेली सोय आहे, ‘बँक ऑन’ प्रमाणित खाती. सिटीज फॉर फायनान्शियल एम्पॉवरमेंट फंड ही संस्था देशभरच्या खात्यांना हे प्रमाणपत्र देते. निकष सरळ आहेत: 25 डॉलर किंवा त्याहून कमी रकमेत खातं उघडायचं, ओव्हरड्राफ्टचा दंड नाही, आणि शुल्क माफ होण्याची सोय नसेल तर ते महिन्याला 5 डॉलरपेक्षा जास्त नाही. चेकबुक बहुधा मिळत नाही, डेबिट कार्ड मिळतं. खात्यात नसलेले पैसे खर्चच होत नाहीत, म्हणून बँकेलाही भीती कमी. मोठ्या बँकांकडेही अशी खाती आहेत: चेसचं सिक्युअर बँकिंग, बँक ऑफ अमेरिकाचं सेफबॅलन्स, वेल्स फार्गोचं क्लिअर ॲक्सेस. काउंटरवर नुसतं ‘चेकिंग अकाउंट’ म्हटलं तर नेहमीचं खातं पुढे करतात, म्हणून नाव घेऊन मागा. जुनी थकबाकी त्याच बँकेची असेल तर मात्र ती आधी भरावी लागेल.

काही बँका ‘सेकंड चान्स’ खातं देतात. शुल्क जास्त, सोयी कमी, पण वर्षभर नीट चालवलं तर नेहमीच्या खात्यात बदलून मिळू शकतं.

माझं काम झालं ते क्रेडिट युनियनमध्ये. आपल्या पतसंस्थेची ही अमेरिकन बहीण म्हणा: सभासदांच्या मालकीची, विद्यापीठाभोवती, एखाद्या कौंटीभोवती किंवा कंपनीभोवती उभी राहिलेली. फरक असा की आपल्या पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं, इथल्या केंद्रीय विमा असलेल्या क्रेडिट युनियनमध्ये मात्र बँकेइतकंच, 2,50,000 डॉलरपर्यंत असतं. त्याही चेक्ससिस्टम्स बघतात, पण तिथे समोर माणूस बसतो आणि तो ऐकून घेतो. मी अर्ज करण्याआधीच विचारलं: तुम्ही कुठला अहवाल बघता, भरलेली जुनी थकबाकी चालते का? त्या गृहस्थांनी माझं पत्र वाचलं, वरिष्ठांना दाखवलं आणि 5 डॉलर सभासद-ठेव घेऊन खातं उघडलं. तासाभराचं काम.

ॲपवाल्या अनेक ‘बँका’ चेक्ससिस्टम्स बघत नाहीत म्हणून तरुण मंडळी तिकडे वळतात. थोड्या दिवसांसाठी ठीक. पण त्यातल्या बऱ्याच स्वतः बँका नसतात, पैसे मागच्या एखाद्या बँकेत ठेवतात. मधली कंपनी कोसळली तर काय होतं ते 2024 मध्ये दिसलं. सिनॅप्स नावाची अशी मधली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारो लोकांचे पैसे अनेक महिने अडकले. कुणाचे किती याचा हिशेबच जुळेना. सगळा पगार तिथे ठेवू नका.

मित्राच्या खात्यात पगार जमा करायचा मार्गही अनेक जण सुचवतील. नको. त्याच्या खात्यात तुमच्या कंपनीचे पैसे पाहून त्याचंच खातं गोठवलं गेलं तर दोघे रस्त्यावर. आणि ‘नवा नंबर घेऊन नव्यानं सुरुवात करा’ म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरसारखा दिसणारा नऊ आकडी नंबर विकणारे भेटले तर उलट पावली परत या. तो अर्जात लिहिणं गुन्हा ठरू शकतो आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाला ते फारच महागात पडेल.

नव्या विद्यार्थ्यांसाठी जरा थांबून

ओव्हरड्राफ्टपेक्षा वाईट नोंद फसवणुकीची, आणि ती बऱ्याचदा फसवलं गेलेल्याच्याच नावावर लागते. कॉलेजच्या ईमेलवर ‘घरबसल्या पार्ट-टाइम काम’ येतं. ‘प्रोफेसर’ 2,400 डॉलरचा चेक पाठवतात, फोननं फोटो काढून जमा करा म्हणतात, तुमचे 400 ठेवा आणि बाकीचे साहित्यासाठी अमक्याला झेलनं पाठवा. दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे दिसतात. पण पैसे दिसले म्हणजे चेक वटला असं नाही. बँकेला काही रक्कम कायद्यानुसार लवकर मोकळी करावी लागते, चेक खोटा निघाल्याचं कळायला आठवडाही जातो. मग चेक परत येतो, खातं उणे 2,000 होतं, आणि खोटा चेक कुणी जमा केला? तुम्ही. असं झालं असेल तर पोलीस तक्रार, ते ईमेल, सगळं जपून ठेवा. हरकतीत हाच तुमचा पुरावा.

जोडप्यांनी हेही पाहावं: संयुक्त खातं उणे गेलं तर नोंद दोघांच्याही नावावर लागू शकते. एच-4 वर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्या, स्वतः एक डॉलरही खर्च न केलेल्या बायकोचं पहिलंवहिलं खातं अशा नोंदीमुळे अडलेलं मी पाहिलंय.

परत जाताना खातं कसं बंद करायचं

मूळ दुखणं इथलं आहे. निघायच्या दीड-दोन महिने आधी आपोआप वळती होणारी सगळी देणी शोधा: जिम, फोन, वीज, विमा, सिनेमे दाखवणारी ॲप्स. मागच्या 12 महिन्यांचं स्टेटमेंट उघडून बघा, कारण वर्षातून एकदाच पैसे कापणारे महाभाग त्यातच सापडतात. ती देणी बंद करा. शेवटचा पगार, भाड्याची अनामत आणि टॅक्स रिफंड कुठे येणार ते ठरवा. रिफंड यायचा असेल तर खातं तोवर चालू ठेवावं लागेल, पण मग शुल्क नसलेल्या प्रकारात बदलून घ्या आणि बँकेला भारतातला पत्ता द्या. अमेरिकेतला फोन नंबर बंद करणार असाल तर ओटीपीचं काय, हेही आधीच बघा, नाहीतर कोल्हापुरात बसून लॉग-इन करता येत नाही.

बाकी सगळं आटोपल्यावर शाखेत जा. शिल्लक शून्य करून खातं ‘बंद’ करायला सांगा. नुसती शिल्लक काढून घेणं म्हणजे बंद करणं नव्हे. कार्ड त्यांच्यासमोर कापा. खातं बंद झाल्याचं पत्र घ्या आणि त्याचा फोटो काढून स्वतःला ईमेल करा. एक विचित्र गोष्ट: काही बँकांत बंद केलेलं खातं नंतर आलेल्या एखाद्या वळत्या रकमेमुळे परत उघडलं जातं. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकदा फोन करून खातं बंदच आहे ना, ते विचारा.

माझं ते 78 डॉलरचं पत्र अजून फाइलीत आहे, पासपोर्टच्या शेजारच्या कप्प्यात. मागच्या वर्षी धाकटा चुलतभाऊ शिकायला आला तेव्हा विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्याला विचारलं, खातं कुठल्या प्रकारचं उघडणार आहेस? तो म्हणाला, ताई, आधी काहीतरी खायला दे.